कृष्णाकाठची वाई

कुर्ल्याच्या गर्दीतून निघून वाईला उतरले, की तिथली शांतता पहिल्यांदा जरा चुकल्यासारखीच वाटते. मग पाय आपोआप घाटाकडे वळतात. तिथे ढोल्या गणपती! गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. हेतू सरळ: कृष्णेला पूर आला, की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे नि देऊळ शाबूत राहावे. बहुतेक मंडळी दर्शन घेऊन परततात. आपण मात्र मागे वळसा घालून ती भिंत अवश्य पाहावी.

पण वाईचे खरे ऐश्वर्य देवळांत की पाठशाळेत, असे विचाराल, तर आमचे मत पाठशाळेला. नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, पुढे तर्कतीर्थ झाले. जुन्या वळणाची शास्त्रे पचवलेला हा माणूस अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहिला. 1933 साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लागला, तेव्हा पौरोहित्य त्यांनीच केले. सनातन्यांना काय वाटले असेल, ते सांगायला नको! शास्त्रांचे आधार देणारा त्यांच्याच पंगतीतला. त्याला अडाणी म्हणायची सोय नाही.

मराठी विश्वकोशाचे कामही शास्त्रीबुवांनी वाईतूनच चालवले. पहिला खंड 1976 साली निघाला. सुटीत मुलांना नेणार असाल, तर गणपतीनंतर गंगापुरीतली विश्वकोशाची कचेरीही दाखवा. वाट कुणीही सांगेल.