कारखान्याच्या फाटकाआतील राखीव जागा कोणाच्या पदरात पडतात?

खाजगी क्षेत्रात आरक्षण मिळालेच पाहिजे, ही मागणी आंबेडकरी समाज कित्येक वर्षांपासून मोर्चे काढून, निवेदने देऊन करीत आला आहे. मागणी रास्तच आहे व ती सोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या एका कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी खाजगी कारखान्याच्या फाटकाच्या आत जागा राखून ठेवल्या आहेत, त्या कायद्याचे नाव आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ हे त्याचे नाव. १९७३ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ३-अ आले. मालक सरकारी असो की खाजगी, त्याने शिकाऊ उमेदवारांच्या जागांपैकी काही जागा राज्यातील अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या लक्षात घेऊन राखीव ठेवायच्या, असे हे कलम सांगते.

याच कायद्याखालील नियमांत एक पळवाटही आहे. अनुसूचित जातीचे उमेदवार पुरेसे मिळाले नाहीत तर जागा जमातीच्या उमेदवारांकडे जाते, तेही मिळाले नाहीत तर ती इतर कोणालाही देता येते. म्हणजे आपल्या पोरांनी अर्जच केला नाही, तर जागा कायदेशीर मार्गाने हातची जाते. त्यात मालकाला जातीयवादी म्हणण्याचीही सोय उरत नाही!

तांत्रिक काम आणि जात यांचा संबंध मुंबईच्या गिरण्यांनी फार पूर्वी दाखवून दिला होता. गिरणीत सर्वात चांगली मजुरी विणाई खात्यात. तेथे कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असे म्हणत सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना त्या खात्याबाहेर ठेवले. आपल्या वाट्याला कमी मजुरीची सूतकताईची कामे आली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. लाल बावट्याखाली एक झालेल्या कामगारांतही धोट्यापाशी जात आडवी येत होती. हात तेवढेच कुशल, पण यंत्रापर्यंत पोहोचू दिले नाही, हा खरा मुद्दा होता.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. युद्धासाठी तंत्र कामगार तयार करण्याची योजना मजूर खात्याकडेच होती व बेव्हिन योजनेखाली भारतीय कामगार शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविले जात होते. मंत्रिपद स्वीकारून काही महिनेच झाले असताना, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला आणि त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, असेही मागितले. शिष्यवृत्तीचे फळ आपण आजही खात आहोत. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पण उमेदवारीची मागणी आपण विसरून गेलो. पदवीचे महत्त्व आपल्याला समजले, पान्याचे आणि वेल्डिंगच्या हँडलचे तेवढे समजले नाही. हे मी पदवीच्या विरोधात म्हणत नाही. बी.ए. होऊन चार वर्षे स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरणारा मुलगा आणि त्याच वस्तीतला दहावीनंतर घरी बसलेला मुलगा, यांपैकी दुसऱ्याची चर्चा आपल्या सभांत होतच नाही, एवढेच म्हणणे आहे.

हा दुसरा मुलगा काय करतो? नांदेड, लातूर, बुलढाण्याकडून तो चाकणला किंवा वाळूजला येतो. ठेकेदार त्याला ‘ट्रेनी’ म्हणून कंपनीत घालतो. बारा तास माल उचलतो, मशीनला हात लावू दिला जात नाही. वर्षभरानंतर त्याच्याजवळ ना प्रमाणपत्र, ना अनुभवाचा दाखला. ‘ट्रेनी’ या शब्दाने कित्येक पोरे फसली आहेत. कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराचा लेखी करार व्हावा लागतो आणि त्या कराराची शिकाऊ उमेदवारी कार्यालयाकडे नोंदणी व्हावी लागते. नोंदलेला करार नसेल तर या कायद्याचे संरक्षण कशाच्या आधारे मागणार?

रीतसर मार्ग लांबचा आहे, पण बंद नाही. आय.टी.आय.त फिटर, इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यानंतर कारखान्यात उमेदवारी, परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले; एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. त्याच नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा किमान पाच ते नऊ हजारांपर्यंत ठरविले. आता पाच-सात हजारांत औद्योगिक वसाहतीजवळ खोलीचे भाडे आणि खाणावळ कशी भागणार, हे ठरविणाऱ्यांनी स्वतः एक महिना राहून पाहावे. ज्याच्या घरून पैसे येतात तोच हे वर्ष काढू शकतो. आपला मुलगा मध्येच सोडून ठेकेदाराकडे जातो तो आळसाने नव्हे, तर धाकट्या बहिणीच्या शाळेचा खर्च त्याच्यावर असतो म्हणून.

दुसरी अडचण अधिक मोठी. कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. अपघाताची भरपाई आणि सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू आहेत, पण नोकरीची हमी नाही. १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. तरीही २० मार्च २०१८ रोजी रेल्वेत उमेदवारी केलेल्या तरुणांना माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर उतरावे लागले. भरतीत त्यांच्यासाठी वीस टक्के जागा होत्या, त्यांना ती मर्यादाच नको होती. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिन्यांचे प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हाच प्रश्न तिथल्या तरुणांनीही विचारला. मुदत वाढवून मिळाली, नोकरी मिळाली नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवायचा आणि वर्ष भरले की नवा घ्यायचा, ही चाल सरकारी आणि खाजगी दोघांनाही चांगली जमते. म्हणून उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत ठराविक वाटा मिळावा, ही मागणी खाजगी आरक्षणाच्या मागणीला जोडूनच लढवावी लागेल.

तोपर्यंत बुद्ध विहारांत करण्यासारखे पुष्कळ आहे. दहावीचा निकाल लागताच आय.टी.आय. प्रवेशाच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, जातीच्या दाखल्याचे कागद आधीच जमवून ठेवावेत, रेल्वे, महावितरण, एस.टी. यांच्या उमेदवारीच्या जाहिराती वाचून दाखवाव्यात. निवृत्त फिटर, टर्नर प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना रविवारी एक तास बोलवावे. मुलींनाही शिवणकामापुरते न थांबवता इलेक्ट्रिशियनकडे वळवावे. आणि आपल्या जिल्ह्यातील सरकारी आस्थापनांत शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागा किती, त्यांतल्या किती अनुसूचित जातीच्या मुलांनी भरल्या आणि किती इतरांकडे वळविल्या, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात.