एमआरआय तपासणी : मज्जारज्जू, मेंदू व हृदय यांच्या निदानात तिचे स्थान

जमाखर्चाच्या पत्रकात एमआरआय यंत्राच्या देखभालीची रक्कम पाहून काही देणगीदारांनी आमच्याकडे विचारणा केली आहे की, एकदा खरेदी केलेल्या यंत्रावर दरवर्षी एवढा खर्च कशासाठी? रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न निराळा असतो : सीटी स्कॅन झाले असताना पुन्हा एमआरआय कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही हिशेब व व्यवस्थापन पाहणारी माणसे; तरीही क्ष-किरण विभागातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

मानवी शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एक अतिसूक्ष्म चुंबकच होय. १.५ टेस्ला क्षमतेचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट प्रबळ असते. त्यात रुग्णाला निजविले की ही केंद्रे एका दिशेला कल धरतात. मग रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित केले जाते. पूर्वस्थितीला येताना ती क्षीण संकेत सोडतात. पाणी, चरबी आणि रोगग्रस्त भाग यांना त्यासाठी लागणारा वेळ वेगवेगळा असल्याने संगणकाला त्यावरून चित्र उभे करता येते. यात क्ष-किरणांचा वापर मुळीच नाही. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या तपासणीचे मोल सर्वाधिक कोठे जाणवत असेल, तर ते मणक्याच्या क्षयरोगात. महिनोन्‌महिने पाठ दुखते, सायंकाळी बारीक ताप येतो, वजन घटते; शेतातील कष्टाचे दुखणे म्हणून घरी मालीश चालू असते. साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसावयाचा, तर हाडाचा बराच भाग आधी नष्ट व्हावा लागतो. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतील सूज, लगतचा पू आणि मज्जारज्जूवर येणारा दाब त्यापूर्वीच दिसतो. खात्रीसाठी पुष्कळदा सुईने नमुना घ्यावा लागतो, हे खरे. परंतु नमुना कोठून घ्यावयाचा हेही चित्रच सांगते. क्षयरोगाची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. निदान वेळेवर झाले तर रुग्ण स्वतःच्या पायांनी शेतावर परततो, उशीर झाला तर दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात.

मात्र कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला एमआरआयची आवश्यकता नसते. चाळिशीनंतर मणक्यातील गादीची झीज पुष्कळ निरोगी माणसांच्या चित्रातही आढळते आणि अहवाल वाचून कुटुंब विनाकारण घाबरते. याउलट, पायांतील शक्ती कमी होणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा बैठकीच्या जागेची संवेदना जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पक्षाघातात पहिली तपासणी बहुधा सीटी स्कॅनचीच असते, कारण ती काही मिनिटांत होते आणि मेंदूत रक्तस्राव आहे की नाही हे सांगते. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातून निघालेल्या रुग्णाचा त्यातील बराच वेळ वाटेतच जातो. सीटी निर्दोष वाटत असतानाही मेंदूचा कोणता भाग रक्ताविना आहे, हे एमआरआय दाखवू शकते. म्हणून दुसरी तपासणी सांगितली जाते, बिल वाढविण्यासाठी नव्हे. फीट येणाऱ्या रुग्णांत कधी पट्टकृमीच्या अळीची गाठ आढळते. दूषित पाणी व न धुतलेल्या भाज्या यांतूनही ती होत असल्याने शाकाहारी घरांतही आढळते, आणि बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येते.

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन सांधा निकामी होतो. क्ष-किरणांत काही दिसण्यापूर्वीच एमआरआयमध्ये ते उमगते. लहान मुलांच्या मेंदूला झालेली, बाहेरून न जाणवणारी इजाही याच तपासणीत कळते.

हृदयाच्या एमआरआयची गरज तुलनेने थोड्यांना लागते. झडपांचे दोष इकोत, तर रक्तवाहिन्यांतील अडथळे अँजिओग्राफीत कळतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूचा कोणता भाग जिवंत आहे आणि कोठे व्रण झाला आहे, किंवा स्नायूला सूज आहे काय, हे पाहावयाचे असल्यास ही तपासणी करतात. त्यासाठी गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून द्यावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

चुंबक दिवसरात्र चालू असतो, रुग्ण आत नसतानाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी प्राणवायूचा सिलिंडर घेऊन यंत्राच्या खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. म्हणूनच आमचे कर्मचारी दारावर अडवतात, तेव्हा राग मानू नये. नाणी, किल्ल्या, मोबाइल, केसांच्या पिना, जोडवी बाहेर ठेवावी लागतात. मंगळसूत्र काढण्यास भगिनी संकोच करतात. अशा वेळी दोऱ्यात हळकुंड ओवून बांधण्याची आपली जुनी रीत उपयोगी पडते. पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असल्यास तो अवश्य सांगावा.

आता खर्चाविषयी. चुंबकाची तार उणे २६९ अंश तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असते आणि हा वायू आपल्या देशाला मुख्यतः आयात करावा लागतो. त्याला थंड ठेवणारा कॉम्प्रेसर क्षणभरही बंद ठेवून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर नाहीच. वीज गेली आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर हेलियम उकळून वाया जाऊ लागते. यंत्राच्या दारावर देणगीदाराचा नामफलक लावता येतो, कॉम्प्रेसरवर लावता येत नाही. कदाचित म्हणूनच या कामासाठी देणग्या क्वचितच येतात. विश्वस्तांनी देखभालीसाठी स्वतंत्र निधी ठेवण्याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ अअ खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. पात्र रुग्णांच्या नातेवाइकांनी शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तपासणीपूर्वीच समाजसेवा कक्षात भेटावे. दाखला हाती नसला तरी निदान थांबवू नये. आधी कक्षात येऊन बोलावे.