पस्तीस किलोमीटरची वेस

कळसूबाईचा माथा म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा, १६४६ मीटर. इथून सरळ रेषेत मोजलं तर घोटी पंधरा-सोळा किलोमीटर आणि नाशिक शहर साधारण पंचेचाळीस. समजा, आभाळ निरभ्र आहे, मध्ये आडवं काही नाही आणि नाशिकच्या एखाद्या टूजी टॉवरचा सिग्नल तुमच्या साध्या मोबाईलला छान ऐकू येतोय. तरीही त्या टॉवरवरून फोन लागणार नाही. सिग्नल कमी पडतो म्हणून नव्हे, तुमचा आवाज तिथे उशिरा पोचतो म्हणून!

टूजीमध्ये एकाच लहरीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. एकेक पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. लहर प्रकाशाच्या वेगाने धावते, पण तिलाही एक किलोमीटर कापायला तीनेक मायक्रोसेकंद लागतातच. म्हणून टॉवर लांबच्या फोनला सांगतो, ‘तू जरा आधी सुरुवात कर.’ किती आधी, याच्या ६३ पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि एक पायरी साधारण साडेपाचशे मीटरची. गुणाकार केला की पस्तीस किलोमीटर येतात. नेहमीच्या रचनेत ही टूजीची वेस. तिच्यापलीकडचा फोन बोलला, तर त्याचं बोलणं दुसऱ्याच्या पाळीत घुसेल. त्यामुळे माथ्यावरच्या माणसाला घोटीचा टॉवर आपला म्हणू शकतो, नाशिकचा नाही.

टूजीच्या आधीच्या ॲनालॉग मोबाईलला ही वेस नव्हती. १९८३ मध्ये अमेरिकेत शिकागोला सुरू झालेल्या त्या सेवेत प्रत्येक संभाषणाला स्वतःची वेगळी लहर मिळायची. पाळीच नाही, तर उशीर कसला? गाडीत बसवलेले तीन वॉटचे फोन उजाड माळरानावर लांबलांबचे टॉवर पकडायचे. म्हणून ऑस्ट्रेलियात ॲनालॉग बंद करायची वेळ आली तेव्हा दूरवरच्या शेतकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला आणि टेल्स्ट्रा कंपनीने त्यांच्यासाठी जास्त पल्ल्याची सीडीएमए सेवा आणली. याच टेल्स्ट्राची भागीदारी असलेल्या मोदी टेल्स्ट्राच्या जाळ्यावर ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. तो मात्र थेट डिजिटल होता. ॲनालॉग मोबाईलचा जमाना आपण पाहिलाच नाही.

ॲनालॉग आवाज ऐकायचा असेल, तर घोटीजवळच्या कसारा घाटात रेल्वेच्या वॉकीटॉकीकडे कान द्यावा. इथली चढण ३७ मीटरला एक मीटर अशी आहे, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात आणि पुढच्या-मागच्या चालकांना एकमेकांशी बोलावं लागतं. अशा सेटवर सिग्नल अशक्त होत गेला की आधी खरखर वाढते, मग शब्द तुटायला लागतात, तरी कान आणि अनुभव मिळून अर्थ लावतात. डिजिटल फोन शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, कारण चुका तो आपणच दुरुस्त करत असतो. त्या दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की कॉल एकदम कट.

ऑस्ट्रेलियात ॲनालॉग बंद होताना दूरवरच्या लोकांचा जो प्रश्न आला, तो आपल्याकडे टूजीचा होऊन येतो. जिओकडे टूजी मुळातच नाही. एअरटेलने थ्रीजी गुंडाळलं, पण टूजी ठेवलं. फोरजीवर आवाज जमला नाही तर टूजी ठेवलेल्या कंपन्यांचा फोन गुपचूप टूजीवर उतरतो. नऊशे मेगाहर्ट्‌झवर टूजीचा फोन दोन वॉटपर्यंत जोर लावू शकतो, फोरजीचा साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. शिवाय नऊशेची लहर फूटभर लांबीची, ती डोंगराच्या कडेवरून थोडी वळते. फोरजीची २३०० मेगाहर्ट्‌झची आखूड लहर बरीचशी तिथेच अडते. आता काही ठिकाणी फोरजीही नऊशेवर आलंय, त्यामुळे हा फरक हळूहळू कमी होतोय.

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून माथ्याची वाट धरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. गटात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असू द्यावीत. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून पाहावा. तो आवाजाच्या वाटेने न जाता टॉवर आणि फोन यांच्या आपसांतल्या निरोपांच्या वाटेने जातो, म्हणून थोडा वेळ रेंज मिळाली तरी निसटून पोचतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. तेव्हा जागेचं नाव आधी लिहावं. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी खातो, म्हणून दरीत तो फ्लाइट मोडवर टाकावा. नकाशा आधी उतरवून घेतलेला असला तर उपग्रहांवरून जागा कळतेच, तिला टॉवर लागत नाही. आणि पडद्यावर ‘फक्त आणीबाणी कॉल’ असं आलं तर निराश होऊ नये. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी फोनला ऐकू येतोय, असा त्याचा अर्थ. तेव्हा ११२ लावून पाहावा.

टूजीही कधीतरी बंद होईल, त्यात नवल नाही. ते बंद करताना मोजमाप मात्र नाशिकच्या चौकात नको, बारीच्या वाटेवर व्हायला हवं.