विडाल ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे टायफॉइडच का?

चार दिवस ताप उतरत नाही, लॅबमधून विडालचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो आणि टायफॉइडचा शिक्का बसतो. हा शिक्का अनेकदा घाईचा असतो.

१८९६ पासूनची ही चाचणी रक्तातला जिवाणू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा संसर्ग दुसराच असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

मग जिवाणू ओळखतात कसा?

ब्लड कल्चरने. रक्त पोषक द्रवात ठेवून जिवाणू वाढवतात. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी काडीसारखा असतो आणि ग्रॅम रंगप्रक्रियेत गुलाबी दिसतो. पण ई. कोलायही सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसतो! फरक कळतो मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर. त्यातली लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, ई. कोलाय वापरतो आणि त्याचे ठिपके गुलाबी होतात. साल्मोनेलाला ती वापरता येत नाही. त्याचे ठिपके रंगहीन राहतात. पुढच्या चाचण्यांनी नाव पक्के होते, शिवाय कोणते प्रतिजैविक लागू पडेल तेही कळते. विडाल हे सांगूच शकत नाही.

रिपोर्टला दोन-तीन दिवस, कधी जास्त लागतात. नमुना मात्र प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी द्यावा. नंतर जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. (घरात उरलेली जुनी गोळी घेऊन मग लॅब गाठणारे कमी नाहीत.) रुग्णाची प्रकृती जास्त बिघडली असेल, तर डॉक्टर नमुना घेऊन रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.