रुपया दंडापासून मोबाइलच्या गटापर्यंत

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, अशी त्यात तरतूद होती. शिरोळ तेव्हा याच संस्थानात होते. शेजारचे कुरुंदवाड मात्र पटवर्धन संस्थानिकांच्या अमलाखाली. महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूरही त्याच सुमाराचे. म्हणजे आजच्या शिरोळ तालुक्यातल्या बऱ्याच गावांत शाळा आणि पालक यांचा कायद्याने जोडलेला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. या काळात शाळेने पालकाला आधी दंडाची भीती घातली, मग निरोप धाडला, मग सभेला बोलावले, मग समितीत बसवले आणि शेवटी मोबाइलच्या गटात घेतले. पायरीगणिक पालकाचा मान वाढला. बोलणे मात्र बहुतेक एकाच बाजूने होत राहिले. शाळा सांगत आली, पालक ऐकत आला. शिक्षक-पालक संवाद का जमत नाही, हा आज प्रत्येक प्रशिक्षणात चघळला जाणारा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर साधनांच्या कमतरतेत सापडणार नाही. मुलाविषयी पालकालाही काही ठाऊक असते आणि ते शिक्षकाच्या उपयोगाचे असते, हे आपण व्यवस्थेत कधी धरलेच नाही.

दंडाची तरतूद आज कठोर वाटते, पण तिच्या काळात ती योग्य होती. गुरे राखणारा, धाकट्या भावंडाला सांभाळणारा किंवा मोटेवर उभा राहणारा मुलगा घराला लागत असे; त्याला शाळेत पाठवणे हा घरच्या हिशोबात सरळ तोटा होता. त्या हिशोबापुढे नुसता उपदेश टिकला नसता. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. ही पावले पाहिली तर महाराजांचा भर केवळ सक्तीवर नव्हता, हेही दिसते. तरीही दंडातून पालकाला एकच गोष्ट कळते: मूल हजर ठेव. हजर राहिलेले मूल शिकते की नाही, हे त्यात येत नाही. दंडाच्या तरतुदीआधी ३५ वर्षे, १८८२ साली, हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणी मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असा त्यांचा आग्रह होता. सक्तीची मागणीही त्यांचीच. सक्ती आणि मिसळणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात मागितल्या. पुढच्या शतकात पहिली कायद्यात आली. दुसरी शिक्षकाच्या स्वभावावर सोडली गेली.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांविषयी एक गोड समजूत रूढ आहे: गुरुजी गावातच राहायचे, घरोघर जायचे, पत्रे वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे, त्यामुळे पालकांशी नाते आपोआप जुळायचे. यात तथ्य आहे. गुरुजींना कोणाची विहीर आटली आणि कोणाच्या घरी आजारपण आहे हे माहीत असे. मुलाच्या गैरहजेरीचे कारण त्यांना विचारावे लागत नसे. पण या चित्रातून काय गळते तेही पाहिले पाहिजे. गुरुजींची ऊठबस गावात सगळीकडे सारखी नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ती कमीच होती. बोलणे बापाशी होई, आईशी क्वचित. आणि बऱ्याच पालकांना गुरुजी दारात आले म्हणजे पोराने काहीतरी केले, एवढेच समजे. तेव्हा आज शिक्षक तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी राहून ये-जा करतात म्हणून संवाद तुटला, हे निदान अपुरे आहे. जवळ राहण्याने ओळख होते, पण त्या ओळखीतून प्रत्येक मुलाविषयी बोलणे होईलच असे नाही. त्यासाठी वेगळी रीत लागते आणि ती तेव्हाही नव्हती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती रीत घालायचा प्रयत्न केला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असाव्यात असे ठरवले. कलम २४ ने शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित बैठका घेणे घातले. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती पालकांना द्यावी, असे ते कलम सांगते. पालकांकडून काय जाणून घ्यावे, याचा मात्र त्यात उल्लेख नाही. तरी कागदावर या कायद्याची झेप शंभर वर्षांतली सर्वात मोठी होती. प्रत्यक्षात समितीची सभा म्हणजे बरेचदा ठराव वाचणे आणि सह्या घेणे, हे शिक्षक आणि पालक दोघेही कबूल करतील. याचा दोष नेहमी पालकाच्या माथी मारला जातो. त्याला रस नाही, तो सभेला येत नाही, आला तर बोलत नाही.

शिरोळ तालुक्यात हा आरोप तर अजिबात टिकत नाही. ऊस उत्पादकाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, देण्याची पद्धतही २००९ सालीच आली. त्या दराचा साखर उताऱ्याशी काय संबंध, तोडणी-वाहतूक किती वजा होते, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे यायला हवेत की नकोत, हे इथला साधा शेतकरीही बोलून दाखवतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला हाच माणूस तासन्‌तास बसतो आणि साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्षांना अडवतो. मग शाळेच्या सभेत तो गप्प का? कारखान्याकडून त्याला वजनकाट्याची पावती मिळते. तिच्यावर त्याचेच नाव, त्याच्याच उसाचे वजन असते. ती शेजाऱ्याच्या पावतीशी ताडता येते आणि चूक वाटली तर कुठे बोलायचे हे त्याला माहीत असते. शाळेत त्याला सगळ्यांच्या मुलांविषयी एकदम सांगितले जाते. त्याच्या हातात असे काही पडत नाही, ज्यावरून तो प्रश्न विचारू शकेल. म्हणजे मौन पालकाच्या स्वभावात नाही, ते सभेच्या रचनेत आहे.

शाळेची पावती म्हणजे प्रगतिपुस्तक, असे कोणी म्हणेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन महाराष्ट्रात २०१० पासून आले, त्याचा हेतू हाच होता. गुणांऐवजी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करायची, म्हणजे पालकाला मुलाचे चित्र दिसेल. पण थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि ‘उपक्रमात सहभागी होतो’, ‘वाचनाची आवड आहे’ अशी वाक्ये एका वर्गातून दुसऱ्या वर्गात उतरली. अशा नोंदीवर सही करण्यापलीकडे पालक काय करणार? ‘जोडाक्षरे आली की अडतो’ किंवा ‘हातच्याची वजाबाकी चुकते’ एवढे लिहिले असते, तर कमी शिकलेल्या आईलाही रात्री दहा मिनिटे काय करून घ्यायचे ते कळले असते. २००५ पासून चाललेल्या ‘असर’ सर्वेक्षणात स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला छोटा उतारा वाचायला देतात. ती चाचणी म्हणून साधी आहे. पण मूल आपल्यासमोर वाचताना किंवा अडखळताना पाहणे, ही गोष्ट कितीतरी घरांत पहिल्यांदा घडते, हे तिचे मोल अहवालातल्या आकड्यांत येत नाही.

बाहेरचे पुरावेही याच दिशेला बोट दाखवतात, पण ते नीट वाचले पाहिजेत. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गावकऱ्यांना शिक्षण समितीची आणि त्यांच्या अधिकारांची माहिती बैठका घेऊन दिली गेली. त्याने सरकारी शाळेतल्या पालकांचा सहभाग वाढला नाही, मुलांचे शिक्षणही सुधारले नाही. मात्र गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याची पद्धत देऊन वर्ग चालवले, तिथे येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये आपल्या मुलाचे आणि गावातल्या शाळांचे गुण दाखवणारे पत्रक पालकांच्या हाती दिल्यावर मुलांची संपादणूक वाढली आणि खासगी शाळांची फीही उतरली. कोरोनाकाळात बोत्स्वानात पालकांना दर आठवड्याला गणिताचा लघुसंदेश पाठवला. नुसत्या संदेशाचा ठसठशीत परिणाम दिसला नाही. त्यालाच पंधरा-वीस मिनिटांच्या फोनची जोड दिली तेव्हा फरक पडला. या तिन्हींतून निघणारा अर्थ माझ्या मते असा: हक्कांचे भाषण निष्फळ ठरते, एका मुलाविषयीची नेमकी माहिती उपयोगी पडते, आणि तिच्याबरोबर करण्याजोगे काम व समोरासमोरचे किंवा फोनवरचे बोलणे असेल तर तिचा उपयोग टिकतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यासमाला मोबाइलवरून घरोघर पोचू लागली. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट झाला. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले, तरी गट राहिलेच. या गटाने सोय झाली हे खरे. उद्या सुट्टी आहे, आधार कार्डाची प्रत हवी, हे क्षणात कळते. पण एका गटात चाळीस पालकांना एकच संदेश पाठवणे म्हणजे जुन्या सूचनाफलकाचीच नवी आवृत्ती. उलट त्यात एक नवा धोका आला: मुलाची चूक चारचौघांत मांडली जाते, किंवा पालकाचा राग सगळ्यांसमोर निघतो. गट सूचनेसाठी ठेवावा आणि मुलाविषयीचे बोलणे गटाबाहेर करावे, ही साधी शिस्त प्रत्येक शाळेने घालून घ्यायला हवी.

शिवाय गटात कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. गळीत हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या इथे येतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक असे उपाय झाले. पण पहाटे फडात गेलेल्या आई-बापाला सकाळी अकराच्या सभेला बोलावून उपयोग नाही; तिथे शिक्षकाला संध्याकाळी खोपीवर जावे लागते किंवा मुकादमामार्फत निरोप द्यावा लागतो. कर्नाटक सीमेलगतच्या गावांत काही घरांत कन्नड बोलली जाते. पहिलीतले मूल गप्प बसते ते बुद्धीने कमी म्हणून की वर्गाची भाषा नवी म्हणून, हे आईच सांगू शकते, तेही कोणी तिला विचारले तर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेकाठची गावे उठली. पूर ओसरल्यावर वर्गात बसलेल्या मुलाच्या घरात काय उरले आहे, हे हजेरीपटावरून कळत नाही. या प्रत्येक ठिकाणी माहिती पालकाकडे आहे आणि शिकवायला ती शिक्षकाला लागते.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: वेळ कुठून आणायचा? निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतच दिवस जातो. हा बोजा खरा आहे आणि तो कमी करण्याची जबाबदारी सरकारची आहे. तरीही हिशोब मांडून पाहावा. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण धरले, तर प्रत्येक पालकाला सत्रात एकदा दहा मिनिटे देण्यासाठी पाच तास लागतात. दोन सार्वजनिक सभा कमी केल्या, तर त्यांतला मोठा वाटा निघतो. दुसरा आक्षेप असा, की पालकांच्या अपेक्षाच चुकीच्या असतात. त्यांना गुण, पहिला नंबर आणि इंग्रजी हवे असते. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने स्पर्धेवाचून शिकवता येते हे दाखवले, आणि अशी शाळा पालकांना पटवून घेतल्याशिवाय चालत नाही. पालकाची अपेक्षा चुकीची असेल तर ती बदलायलाही बोलावेच लागते. त्याचे मूल आज काय करू शकते हे त्याला दाखवले, तर नंबराचा हट्ट आपोआप सैल होतो. तिसरी शंका, पालक विचारू लागले तर शिक्षकाचा अधिकार जाईल, ही मला सर्वात कमी पटते. कारखान्याचा अध्यक्ष प्रश्नांना उत्तरे देतो म्हणून तो अध्यक्ष राहत नाही असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा या शतकाच्या मागोव्यातून शिक्षकाला घेता येण्याजोगे नियम थोडेच आहेत. तक्रार घेऊन जाण्याआधी एकदा चांगली गोष्ट सांगायला जावे. बोलणे एका मुलाविषयी असावे आणि मूल कुठे अडते ते साध्या शब्दांत सांगावे. घरी करता येईल असे एकच काम द्यावे, आणि ‘घरी तो कसा असतो, कशात रमतो, कशाला भितो’ हे विचारून उत्तर वहीत टिपून ठेवावे. वेळ पालकाच्या कामाची पाहून ठरवावी. आईला वेगळे बोलवावे. पण हे एकट्यादुकट्या उत्साही शिक्षकावर सोडले तर फुल्यांच्या मागणीचे जे झाले तेच याचेही होईल. म्हणून बदल तपासणीत हवा. आज तपासणीला येणारा अधिकारी किती सभा झाल्या आणि किती सह्या आहेत हे पाहतो. त्याऐवजी त्याने वर्गातल्या कोणत्याही पाच मुलांविषयी शिक्षकाला विचारावे, की या मुलाच्या पालकाकडून तुम्हाला काय कळले आणि त्यामुळे तुम्ही शिकवण्यात काय बदलले. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर शिक्षकाला आधी पालकाचे ऐकून घ्यावेच लागेल.