सीगलचा थवा उडवून फोटो का काढू नये?

हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर कुरव, म्हणजेच सीगल येतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या तलावांवर वीण करतो. थव्यात धावत गेलं की रील भारी होते, पण वाळूवर बसलेले पक्षी विश्रांती घेत असतात. सारखं उडावं लागलं की परतीच्या प्रवासासाठी लागणारी ताकद वाया जाते.

मग फोटो कसा काढाल?

• सकाळी जा. तेव्हा समुद्राकडे पाहताना सूर्य आपल्या पाठीशी असतो.
• दूर, खाली बसा आणि झूम वापरा. भरती चढताना पक्षी स्वतःच जवळ सरकतात.
• उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर स्पीड १/२००० सेकंद ठेवा.
• पक्षी माना उंचावू लागले, की तिथंच थांबा.
• फरसाण टाकू नका.