नव्या घरात आलेले बाळ

परदेशात दत्तक जाणाऱ्या बाळाविषयी बोलताना ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय, चार दिवसांत रुळेल’ असे सर्रास म्हटले जाते. जणू सात-आठ महिन्यांचे मूल म्हणजे कोरी पाटी. कोरिया, चीन, भारत अशा देशांतून गेल्या सत्तर वर्षांत हजारो बाळे अमेरिका, कॅनडा व युरोपातील घरांत गेली. (आता हा ओघ खूपच आटला आहे. चीनने तर २०२४ मध्ये, नात्यातील दत्तक वगळता, परदेशी मूल देणे बंद केले.) या मुलांचा अभ्यास झाला आहे, आणि पाटी कोरी नसते हे त्यातून चांगलेच स्पष्ट होते.

आधी शरीरातल्या घड्याळाचे पाहू. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. मेंदूतले घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लागते आणि ते एका रात्रीत फिरवता येत नाही. दिवसाला साधारण तासभर ते सरकते. त्यामुळे पहिला आठवडा-दीड आठवडा बाळ मध्यरात्री टक्क जागे असते आणि भर दुपारी गाढ झोपते. भूकही त्याच घड्याळावर लागते. दिवसा पडदे उघडे ठेवावेत, रात्री दिवा मंद ठेवावा आणि खेळ मांडू नये, म्हणजे हे प्रकरण आपोआप मिटते.

घड्याळ लागले तरी बाळाला बिलगायला माणूस हवे असते, आणि ते कोण हे त्याच्या लेखी ठरलेले असते. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात एक बूच दिले. बाळ विशिष्ट लयीत चोखू लागले की ध्वनिफितीवर आईचा आवाज लागे, दुसऱ्या लयीत चोखले तर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशा रीतीने चोखण्याची लय बदलली! तीन दिवसांचे मूल एवढे जाणते, तर शिशुगृहातील मावशींच्या कडेवर आठ महिने वाढलेले मूल किती जाणत असेल? मावशींचा वास, त्यांची हाक मारण्याची लकब, दुधाची चव, थोपटण्याचा ठेका हे सारे त्याच्या दृष्टीने एका दिवसात नाहीसे होते.

इथे वयाचा फार फरक पडतो. चार महिन्यांचे बाळ कोणाकडेही पाहून हसते. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास मात्र ते आपले-परके ओळखू लागते आणि परक्याला पाहून भोकाड पसरते. नेमक्या या वयात घर बदलले तर ते दिवसचे दिवस रडते, नव्या आईकडे पाठ फिरवते. आईला वाटते, याने आपल्याला नाकारले. खरे तर रडणारे मूल कोणावर तरी जीव लावायला शिकलेले असते, आणि हे शिक्षण नव्या घरातही उपयोगी पडते.

आम्हांला जास्त काळजी वाटते ती न रडणाऱ्या बाळाची. १९५० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी आईवडिलांपासून दूर, रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांची निरीक्षणे केली. आधी मुले आकांत करीत. मग गप्प होत, हिरमुसून पडून राहत. परिचारिकांना वाटे, पोर शहाणे झाले, रुळले. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असे. दत्तक बाळही कधी पहिल्या दिवसापासून कोणाच्याही कडेवर जाते, हूं की चूं करीत नाही. पाहुणे कौतुक करतात. पालकांनी मात्र त्याला जवळ घेणे वाढवायला हवे.

मग ओढ लागते कशी? कोनराड लोरेन्झ यांची हंसाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर जे प्रथम हलताना दिसेल त्याच्यामागे चालत. माणसाचे तसे नाही. रडले की तेच माणूस येते, तोच हात पाठीवर फिरतो, हे शेकडो वेळा घडावे लागते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे आईबाबांनीच करावे आणि मूल हातोहाती फिरवू नये असा सल्ला देतात. (आपल्याकडच्या बारशाच्या गर्दीत हे पाळणे कठीणच!) मावशींच्या अंगावरचे एखादे न धुतलेले फडके सोबत आणले तर ओळखीचा वासही आठवडाभर पुरतो.

याला यश येते का? नेदरलँड्समधील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली दाखवले की वर्षाच्या आत दत्तक आलेल्या मुलांना पालकांचा वाटणारा आधार सख्ख्या मुलांइतकाच भक्कम असतो. त्यानंतर आलेल्यांत तो सरासरीने कमी आढळतो. १९८९ नंतर रुमानियातून, बहुतेक हलाखीच्या बालगृहांतून, ब्रिटनमध्ये आलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत आलेली बहुतेक मुले इतरांच्या बरोबरीला पोचली. तेथे जास्त काळ काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अडचणी मोठेपणीही राहिल्या. कागदपत्रांत जाणारा एकेक महिना बाळाच्या हिशेबात एवढा मोठा असतो.

नवी ओढ लागली म्हणून जुने सारे पुसले जाते, असेही नाही. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला सहज ऐकू येतो. इंग्रजी भाषकाला तो येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले की इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट वेगळे कळतात, पण वर्षाचे होईपर्यंत ही क्षमता ओसरते. २०११ साली अमेरिकेत लहानपणी भारतातून दत्तक गेलेल्या शाळकरी मुलांना हेच उच्चार ऐकवले. प्रथम त्यांनाही फरक कळेना, अमेरिकी मुलांसारखाच. मग दोन्ही गटांना थोडा सराव दिला. अमेरिकी मुले होती तिथेच राहिली. दत्तक मुलांना मात्र त आणि ट वेगळे ऐकू येऊ लागले.